हिवाळ्यातील घसरणे आणि खुब्याचा अस्थिभंग

थंडीच्या दिवसांत घसरून पडल्याने वृद्धांना होणाऱ्या गंभीर दुखापतींकडे आम्ही पालम परिसरातील कुटुंबांचे लक्ष वेधू इच्छितो. परभणीत डिसेंबर २०१८ च्या अखेरीस किमान तापमान ५ अंशांच्याही खाली उतरले होते. अशा थंडीत सांधे आखडतात, पाय बधिर होतात. पहाटे अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते आणि न्हाणीतील ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकतो.

वयोमानाने, विशेषतः स्त्रियांत, हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे उभ्याउभ्या पडल्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. पडल्यावर उभे राहता येत नसेल, पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर मालीश करू नये, पाय ओढू नये, रुग्णास चालवू नये. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून, आडवे निजवूनच रुग्णालयात आणावे.

"आता या वयात शस्त्रक्रिया कशाला?" असे नातलग मायेपोटीच विचारतात. परंतु अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास शय्याव्रण, न्यूमोनिया व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका असतो. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत झाल्यास रुग्ण लवकर उभा राहू शकतो. केवळ वयाकडे पाहून उपचार टाळू नयेत, असे आम्ही आग्रहपूर्वक नमूद करतो.

न्हाणीत दिवा, भिंतीला आधाराचा दांडा आणि कोरडी फरशी, एवढी तजवीज प्रत्येक घराने थंडीपूर्वी करावी, ही नम्र विनंती.