धान्याचा कोंडा आणि रक्तातील साखर

मेटॅबॉलिक सिंड्रोम हे एकाच आजाराचे नाव नाही. कमरेचा वाढलेला घेर, चढा रक्तदाब, रक्तातील ट्रायग्लिसराइड या मेदाचे जादा प्रमाण, एचडीएल या उपयुक्त कोलेस्टेरॉलची कमतरता आणि उपाशीपोटी वाढलेली साखर या पाच दोषांपैकी कोणतेही तीन एकाच व्यक्तीत आढळले, की त्या स्थितीला हे नाव दिले जाते. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर आहे. रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा कमी आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक, या उरलेल्या मर्यादा होत. घेर आणि रक्तदाब सोडून बाकीचे आकडे दर डेसिलिटर रक्तातील मिलिग्रॅमचे आहेत. सुटा पाहिला तर यांतला एकेक आकडा किरकोळ वाटतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. असे तीन दोष एकत्र आले, की मधुमेह आणि हृदयविकार या दोन्हींचा धोका स्पष्टपणे वाढतो.

या दोषांचे मूळ एक असावे, असे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये मांडले. ते मूळ म्हणजे इन्सुलिन प्रतिरोध. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींत शिरावी आणि यकृताने स्वतः साखर सोडणे थांबवावे, असा संदेश इन्सुलिन देते. प्रतिरोध असलेल्या शरीरात हा संदेश नीट पोहोचत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवून वेळ निभावून नेते. त्यामुळे तपासणीतली साखर अनेक वर्षे जवळपास ठीक दिसते, पण तिच्यामागे स्वादुपिंडावर पडणारा ताण वाढत जातो. सबंध धान्यातील तंतुमय पदार्थांचा संबंध येतो तो मुख्यतः या ताणाशी.

सडपातळ शरीरातील छुपी चरबी

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी जास्त असू शकते, हे त्यातून ठळकपणे समोर आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी इंडियॅब पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा स्थूलपणा जवळपास ४० टक्के प्रौढांत आढळला. अशा लोकसंख्येच्या जेवणात पॉलिशचा पांढरा तांदूळ आणि मैदा यांचा वाटा मोठा असेल, तर स्वादुपिंडावरचा भार रोजच वाढतो.

दाण्याची रचना

गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ किंवा ओट यांच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेर कोंड्याचे थर, एका टोकाला अंकुर आणि मधोमध पिष्टाने भरलेला गर. तंतुमय पदार्थ बहुतांशी कोंड्यात असतात, तर जीवनसत्त्वे, खनिजे आणि स्निग्धांश कोंड्यात व अंकुरात असतात. मैदा काढताना किंवा तांदूळ पॉलिश करताना हे दोन्ही भाग निघून जातात आणि उरतो तो जवळपास निव्वळ पिष्टाचा गर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांतून हा फरक स्पष्ट दिसतो. दर १०० ग्रॅममागे गव्हाच्या कणकेत सुमारे ११.४ ग्रॅम, बाजरीत ११.५, नाचणीत ११.२ आणि ज्वारीत १०.२ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. मैद्यात ते २.८ ग्रॅमवर येतात. पांढऱ्या तांदळातही तेवढेच असतात, तर कोंडा न काढलेल्या तांदळात ४.४ ग्रॅम. तांदळाच्या दाण्यात मुळातच तंतू कमी असल्याने हातसडीच्या तांदळाची भाकरीशी बरोबरी होत नाही.

सगळे तंतू एकाच पद्धतीने काम करत नाहीत. ओट आणि जव यांतील बीटा ग्लुकॅन पाण्यात विरघळून चिकट, दाट द्रव बनवते. गहू, ज्वारी आणि बाजरी यांतील तंतू मुख्यतः अविद्राव्य असतात. ते विरघळत नाहीत, पण पेशीभित्तिकांच्या रूपाने पिष्टाला वेढून असतात आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात.

आतड्यातील चार टप्पे

तंतूंचा पहिला परिणाम जठरात सुरू होतो. दाट झालेले अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते. न फुटलेल्या पेशीभित्तिकांमुळे पिष्टापर्यंत पोहोचायला पाचक रसांना वेळ लागतो. दुसऱ्या टप्प्यात, लहान आतड्यात, बीटा ग्लुकॅनचा चिकट द्रव साखरेच्या कणांचा आतड्याच्या भिंतीकडे होणारा प्रवास मंदावतो. परिणामी तीच कर्बोदके पचूनही रक्तातील साखर एकदम उसळत नाही. तिचा चढ बुटका आणि लांबट होतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये या परिणामाला मान्यता देताना मात्राही ठरवून दिली: जेवणातील दर ३० ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांमागे किमान ४ ग्रॅम बीटा ग्लुकॅन. भाकरी किंवा पोळीतून हा परिणाम एवढ्या प्रमाणात मिळत नाही, कारण त्या धान्यांतील तंतू चिकट नसतात.

तिसरा टप्पा संप्रेरकांचा. मंद गतीने पचणारे अन्न लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोहोचते तेव्हा तेथील पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके स्रवतात. जीएलपी-१ इन्सुलिनचे स्रवणे साखरेच्या प्रमाणाशी जुळवून घेते आणि दोन्ही संप्रेरके पोट भरल्याची जाणीव वाढवतात.

चौथा टप्पा मोठ्या आतड्यात घडतो. न पचलेल्या तंतूंचा काही भाग तेथील जिवाणू आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचे इंधन आहे, तर प्रोपिओनेट यकृताकडे जाते. ही प्रक्रिया काही तास चालते, म्हणून रात्रीच्या जेवणातील तंतूंचा फायदा दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीनंतरच्या साखरेतही दिसू शकतो. टोरंटोचे डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये, अन्नाने रक्तातील साखर किती चढते ते मोजणाऱ्या ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली. आधीच्या जेवणाचा पुढच्या जेवणावर होणारा हा परिणामही त्यांनीच १९८० च्या दशकात दाखवून दिला.

प्रयोगांतून काय दिसले

इटलीतील नेपल्स येथे मेटॅबॉलिक सिंड्रोम असलेल्या, ४० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांवर १२ आठवड्यांचा एक प्रयोग झाला. एका गटाला सबंध धान्याचे पाव, पास्ता आणि न्याहारीचे पदार्थ मिळाले, दुसऱ्या गटाला तसेच पदार्थ मैद्याचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सबंध धान्य खाणाऱ्यांच्या रक्तातील जेवणानंतरचे इन्सुलिन सुरुवातीच्या तुलनेत २९ टक्क्यांनी आणि जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड ४३ टक्क्यांनी कमी झाले. त्यांच्या रक्तातील प्रोपिओनेट वाढलेले आढळले. उपाशीपोटीच्या आकड्यांत मात्र तसा बदल दिसला नाही. फिनलंडमध्येही राईच्या पावाबाबत असेच दिसले आहे. गव्हाच्या पांढऱ्या पावाइतकीच साखर रक्तात चढूनही राईच्या पावाला इन्सुलिन कमी लागते. या आहाराचा पहिला लाभ स्वादुपिंडाचे काम हलके होण्यात आहे, आणि साध्या उपाशीपोटीच्या तपासणीत तो सुरुवातीला दिसतही नाही.

चेन्नईतील प्रयोग भारतीय ताटाच्या अधिक जवळचा आहे. तेथे वजन जास्त असलेल्या १६६ जणांना तीन महिने कोंड्यासह उकडा तांदूळ आणि तीन महिने पांढरा तांदूळ अशी दोन जेवणे देण्यात आली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत सर्वांचा एकत्र विचार करता साखरेत लक्षणीय फरक पडला नव्हता. पण ज्यांना मेटॅबॉलिक सिंड्रोम होता, त्यांचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, सुमारे ०.१८ टक्के अंशांनी उतरले. आकडा लहान आहे, आणि तो फक्त तांदळाचा प्रकार बदलल्याने मिळालेला आहे.

प्रत्येक प्रयोग अनुकूल निघालेला नाही. ब्रिटनमध्ये वजन जास्त असलेल्या ३१६ जणांवर १६ आठवडे झालेल्या ‘होलहार्ट’ प्रयोगात हृदयविकाराशी निगडित मापांवर सबंध धान्याचा विशेष परिणाम आढळला नाही. दीर्घकालीन चित्र मात्र अधिक ठाम आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ प्रयोग एकत्र तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. रोज २५ ते २९ ग्रॅम तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह, हृदयविकार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅमची शिफारस करते.

दळण किती बारीक

तंतूंचे ग्रॅम मोजून गोष्ट संपत नाही. जेन्किन्स यांनी १९८८ मध्ये दाखवले, की पावात अख्खे किंवा भरडलेले दाणे जितके जास्त, तितकी जेवणानंतरची साखर कमी चढते. तेच धान्य बारीक दळून, कोंड्यासकट पावात घातले तर ती जवळपास पांढऱ्या पावाइतकी चढू शकते. बारीक दळल्याने पेशीभित्तिका फुटतात आणि पिष्ट उघडे पडते. ओटागोतील नंतरच्या एका प्रयोगात मधुमेहींना बारीक दळलेल्या धान्यापेक्षा जाडसर प्रक्रिया केलेले धान्य मानवले.

मराठी स्वयंपाकघराला याचा थेट उपयोग आहे. ताकाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या ज्वारीच्या कण्या, गव्हाचा दलिया, उसळी आणि जवाचे शिजवलेले दाणे यांत दाण्याची रचना बरीच टिकून राहते. नाचणीच्या बारीक पिठाची पातळ आंबील मात्र पौष्टिक असूनही साखर लवकर वाढवू शकते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तिच्याऐवजी भाकरी निवडणे चांगले. दळण थोडे जाडसर ठेवावे आणि कणीक चाळून कोंडा फेकू नये. ओट घ्यायचे तर झटपट शिजणाऱ्या बारीक ओटपेक्षा जाड चपटे किंवा तुकड्यांचे ओट बरे. पुड्यावर ‘मल्टिग्रेन’ असे लिहिलेले असले तरी घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे असेल, तर तो पदार्थ मैद्याचाच समजावा.

पंचवीस ग्रॅमचे उद्दिष्ट अवघड नाही. दिवसभरात १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर सुमारे १० ग्रॅम आणि ३० ग्रॅम सुक्या अख्ख्या मुगाच्या उसळीतून सुमारे ५ ग्रॅम तंतू मिळतात. उरलेले भाज्या, फळे आणि शेंगदाणे यांतून सहज भरून निघतात. भाकरी नेहमीच्या भाताच्या जोडीला वाढवून घेतली, तर एकूण कर्बोदके वाढतात आणि साखरही वाढते. म्हणून तंतुमय धान्य भाताच्या किंवा मैद्याच्या जागी यायला हवे.

मर्यादा आणि काळजी

तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि वायू होतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढ करावी आणि पाणी पुरेसे प्यावे. सिलिअॅक विकार असलेल्यांनी गहू आणि जव टाळावेत. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ त्यांना चालतात. मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारात फॉस्फरस आणि पोटॅशियमवर बंधन असू शकते, त्यामुळे आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करताना डॉक्टरांना कल्पना द्यावी, कारण औषधाची मात्रा बदलावी लागू शकते. कोंड्यातील फायटेट लोह आणि जस्ताचे शोषण काहीसे कमी करते. मोड आणल्याने आणि आंबवल्याने हा परिणाम घटतो.

सबंध धान्य हे औषधाची जागा घेत नाही. वजनात घट, रोजचे चालणे, पुरेशी झोप आणि गरजेनुसार औषधे यांच्या जोडीने ते काम करते. त्याचा एका जेवणातील परिणाम माफक असतो. पण दिवसातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे होणाऱ्या जेवणात तो साचत जातो, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसासाठी तेवढा फरकही मोलाचा आहे.