बोळक्या तोंडाची नोंद

‘दात गेले, वय झाले,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पाथरीच्या बाजारात बोळक्या तोंडाची माणसे कमी भेटत नाहीत. पण दात कशाने गेले, हे त्यांना विचारतो कोण?

वैद्यकाच्या यादीत मात्र हा प्रश्न आहे. १८९३ साली पॅरिसच्या बर्तियाँ या संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ पासून तीत आजारही आले. तिच्या दहाव्या आवृत्तीत ‘के ०८.१’ या एकाच खणात अपघाताने गेलेले, उपटलेले आणि हिरड्यांच्या रोगाने गेलेले दात बसतात. अमेरिकेने आपल्यापुरता हा खण फोडला. सगळे दात इजेने गेले तर ०८.११, हिरड्यांच्या रोगाने ०८.१२, किडीने ०८.१३, आणि कारणच लिहिलेले नसेल तर ०८.१०.

हा कारकुनी काथ्याकूट नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आम्ही एवढे शिकलो की, जे कागदावर नाही ते घडलेच नाही असे धरले जाते. कामावरील अपघाताला भरपाई, हे तत्त्व १९२३ च्या कायद्याने आपल्याकडे आणले. यंत्राचा दांडा बसून एकाचे दात गेले, मिश्री लावून लावून दुसरीच्या हिरड्या गेल्या. दोघांच्या कागदावर ‘दात नाहीत’ एवढेच लिहिले, तर त्याचा हक्क बुडतो आणि तिच्या मुलींना सावध करणारे कोणी उरत नाही.

म्हणून कवळीचे माप देण्याआधी डॉक्टरांना कारण सांगा, आणि ते लिहिले गेले की नाही ते पाहा. आपले दात परत येणार नाहीत, पुढच्यांचे वाचतील.