पेटीतल्या माशांची बांधाची भांडणं

नांदेड-हिंगोलीच्या बाजाराला गेलेली मुलं हल्ली काचेची पेटी आणि चार रंगीत मासे घेऊन घरी येतात. चार दिवस घरातली सगळी पेटीपुढून हलत नाहीत. पाचव्या दिवशी एक मासा कोपऱ्यात दडून बसतो, शेपटीच्या चिंध्या झालेल्या असतात, आणि आठवडा भरायच्या आत तो पाण्यावर तरंगतो. कोणी म्हणतं पाणी बाधलं, कोणी म्हणतं दृष्ट लागली. पाणी बिघडूनही मासे मरतात हे खरं. पण शेपटी फाटलेली असेल तर शेजारच्या माशावर आधी संशय घ्यावा.

हे भांडखोर मासे बहुधा सिक्लिड कुळातले असतात. नाव परकं वाटलं तरी कुळ ओळखीचं आहे. उजनी धरणात मिळणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, याच कुळातली. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. कोकणच्या खाड्यांतलं कालुंदर तर मूळचं इथलंच. दुकानातले एंजल, ऑस्कर, काळ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट, मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे आणि कपाळावर टेंगूळ आलेला फ्लॉवरहॉर्न ही सारी त्यांचीच भाऊबंदकी.

भाऊबंदकी म्हटलं की बांध आलाच! चिलापीचा नर विणीच्या वेळी काळा पडतो, तळाचा गाळ तोंडानं उकरून ताटलीसारखा खड्डा करतो आणि दुसऱ्या नराला तिथं फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन बाजूला होते. तळ्यात हरलेला नर चार हात लांब पळतो, भांडण तिथंच मिटतं. पेटीत पळायचं कुठं? एकदा मार खाल्लेला तिथंच राहतो आणि रोज खातो. मासा काही खोडकर जातीचा नसतो, त्याला हद्द हवी असते एवढंच.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ भरलं तरी सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. एवढ्यात कॉन्व्हिक्टची जमलेली एकच जोडी ठेवा, बाकी काही नको. मादी आकारानं लहान आणि पोटाशी नारिंगी असते. दोन नर आणणं सगळ्यांत वाईट, आणि तीन आणले तर दोघांची जोडी जमून तिसरा मरतो. ऑस्कर घेऊच नका; बोटाएवढा आणलेला पुढं फूटभर होतो. फ्लॉवरहॉर्न मोठ्या पेटीत एकटाच ठेवावा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे यांच्यात टाकले तर त्यांचा खाऊच होतो. चार फुटी पेटीत मलावीचे मासे उलट मुद्दाम दाटीनं ठेवतात, म्हणजे मार एकट्यावर न पडता वाटला जातो. पण दाटी तिथं घाण, त्यामुळे गाळणी सतत चालू हवी. जिथं वीज तासन्‌तास जाते तिथं हा खटाटोप न केलेला बरा.

पेटीत आडोसे करा. फुटक्या मडक्याची खापरं, कौलं, नदीचे गोटे चालतात. दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती वाळू टाका. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला दगड कलंडला की मासा चिरडतो नाहीतर काच फुटते.

गोठ्यात नवी म्हैस आली की जुन्या म्हशी तिला शिंगावर घेतात, तसंच इथंही. नवा मासा सोडायच्या आधी दगड-खापरांच्या जागा बदला. जुन्या हद्दी मोडतात आणि सगळेच नवखे होतात. मासा संध्याकाळी दिवा मालवून सोडावा. तरी एखाद्याची पाठ सुटत नसेल तर मध्ये जाळीचा आडपडदा घाला किंवा त्याला दुसऱ्या भांड्यात हलवा. आपोआप जमेल म्हणून वाट पाहू नका.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यात औषध असेल तर ते एक दिवस उघडं ठेवून वापरा. वैशाखात पत्र्याखाली पेटी ठेवू नये, तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते आणि मासे वर येऊन धापा टाकतात.

जोडी जमली की पिलं भराभर होतात. जास्तीची दुकानदाराला द्या, पण विहिरीत, शेततळ्यात किंवा कयाधूत सोडू नका. रोहू-कटल्याची बोटुकली सोडलेल्या शेततळ्यात चिलापी शिरली तर तिच्या पिलांनी तळं भरतं, खाणं पुरत नाही आणि सगळ्यांचीच वाढ खुंटते. शेततळ्यात तिलापियाच पाळायची असेल तर फक्त नरांची बोटुकली घेतात, तीही मत्स्यव्यवसाय विभागाला आधी विचारून.