ओटीपी पप्पांच्या फोनवर

लातूर पॅटर्नचा दरारा अहमदपुरातही घरोघरी आहे. नीटमध्ये पात्र ठरूनही सरकारी जागा हुकली आणि इथल्या खासगी मेडिकल कॉलेजची फी झेपेना, की घरात बिश्केक, ताश्कंद, तिबिलिसी ही नावं फिरू लागतात. ओळखीतली एखादी मुलगी निघाली, की मी तिच्या घरी जाऊन बसते. शेंगाचटणी आणि ज्वारीचं पीठ आई बांधते. मी कागद बघते.

परवाची मुलगी बिश्केकला निघालेली. शेजारणींचं चालूच होतं, अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नको, कुणाशी फार बोलू नको. मी पासपोर्ट मागितला. तो पप्पांच्या कपाटात. प्रवेशपत्र पप्पांच्या व्हॉट्सॲपवर. अर्जावरचा ईमेल एजंटाचा. बँक खातं मुलीचं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर पुन्हा पप्पांचाच.

"रात्री तिथं पैसे लागले तर ओटीपी कुणाला येणार?"

"पप्पांना," ती म्हणाली आणि स्वतःच थबकली.

दुसऱ्या दिवशी तिघं बँकेत गेलो. नंबर बदलला. कार्डावर परदेशातला वापर सुरू करून घेतला. २०२० पासून नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. तिकडं मेसेज यावेत म्हणून सिमचं रोमिंग इथूनच चालू केलं. संध्याकाळी तिनं स्वतःचा ईमेल काढला, तो विद्यापीठाला कळवला आणि त्याच ईमेलवरून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवलं.

मग पुठ्ठ्याचं एक कार्ड. पुढच्या बाजूला होस्टेलचा पत्ता रशियन लिपीत, टॅक्सीवाल्याला दाखवायला. मागं पोलिस १०२, ॲम्ब्युलन्स १०३ आणि भारतीय दूतावासाचा नंबर. फोनची बॅटरी गेली तरी कार्ड बोलतं. नोंदणीसाठी विद्यापीठानं पासपोर्ट ठेवून घेतला तर पोच मागायची. हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग दूतावास. परतीपुरता कागद तिथं मिळतो.

मे २०२४ मध्ये बिश्केकला जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलांवर हल्ले केले. दूतावासानं आपल्या मुलांना आतच थांबायला सांगितलं आणि चोवीस तासांचा नंबर दिला. अशी सूचना गावाकडच्या बापाच्या फोनवरून फिरून येईस्तोवर रात्र सरते. ती थेट मुलीच्या हातात पडायला हवी. अंधाराची भीती घालणं सोपं आहे. पासपोर्ट, पैसा आणि फोन तिच्या ताब्यात देणं घरच्यांना जड जातं.

पप्पा सगळं मुकाट्यानं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "ताई, मग आमच्याकडं काय राहिलं?"

"झेरॉक्स," मुलगीच म्हणाली.