पंधरवड्याचें आवर्तन



हळदीचें बेणें जमिनींत गेलें म्हणजे शेतकऱ्यानें आठनऊ महिने वाट पाहावयाची, हें हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या शिरड शहापूरच्या परिसरांत सर्वांच्या अंगवळणी पडलेलें आहे. कंद किती पोसला हें काढणीच्या दिवशींच पुरतें कळतें. मेथीची गोष्ट निराळी. महिन्याभरांत भाजी हातीं येते, आणि एका वाफ्यांत चूक झाली तर ती पुढच्या वाफ्यांत सुधारतां येते. आज ज्या कार्यपद्धतीविषयीं मी बोलणार आहें, तिचें मर्म या दोन पिकांच्या फरकांत आहे.

संगणकाच्या आज्ञावली रचण्याचें काम एके काळीं बहुतांशीं हळदीच्या रीतीनें चाले. प्रथम सर्व मागण्या लिहून घ्यावयाच्या, मग आराखडा, मग रचना, आणि सर्वांच्या अखेरीस परीक्षण. विन्स्टन रॉयस यांनीं १९७० सालच्या आपल्या निबंधांत ही पायऱ्यांची रीत चितारली, आणि तिच्यांतील धोकाही तेथेंच दाखविला. परीक्षण शेवटीं, म्हणून चूकही शेवटींच सांपडावयाची! पुढें १९८६ सालीं ताकेउची व नोनाका या दोन जपानी पंडितांनीं नव्या वस्तु तयार करणाऱ्या मंडळींची तुलना रग्बी खेळणाऱ्या संघाशीं केली. त्या खेळांत गडी एकमेकांना बिलगून चेंडूसाठीं रेटा देतात, त्याला स्क्रम म्हणतात. तेंच नांव घेऊन जेफ सदरलँड व केन श्वेबर यांनीं १९९५ सालीं अमेरिकेंतील एका परिषदेंत आपली पद्धति मांडली. २००१ सालच्या फेब्रुवारींत यूटा संस्थानांत सतरा जाणते एकत्र जमले आणि अशा सर्व पद्धतींना त्यांनीं ‘ॲजाइल’, म्हणजे चपळ, हें एकच नांव दिलें. आज पुण्याजवळच्या हिंजवडींत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या तोंडीं ‘स्प्रिंट’ हा जो शब्द असतो, तो या स्क्रम पद्धतींतला.

स्प्रिंट म्हणजे कामाची ठरीव मुदत. ती एका महिन्याहून अधिक नसावी. पुष्कळ ठिकाणीं ती दोन आठवड्यांची असते. आरंभीं बैठक घेऊन एक उद्दिष्ट ठरवितात. कोणतें काम आधीं हवें हें एक जबाबदार मनुष्य सांगतो; परंतु या मुदतींत किती काम पेलेल, हें प्रत्यक्ष काम करणारे ठरवितात. रोज पंधरा मिनिटें सर्वांनीं एकत्र येऊन पुढची दिशा तपासावयाची. अखेरीस झालेलें काम, ज्यांच्यासाठीं तें केलें त्यांना दाखवावयाचें, आणि मग आपली काम करण्याची रीत कोठें चुकली याचा विचार करावयाचा. लगेच पुढची मुदत सुरू. काम उरलें म्हणून मुदत वाढवावयाची नाहीं.

स्प्रिंट या शब्दाचा मूळ अर्थ थोड्या अंतराची वेगवान धाव. या अर्थानेंच माझी प्रथम फसगत केली. मला आपला ‘आवर्तन’ हा शब्द अधिक समर्पक वाटतो. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी सुटलें म्हणजे आवर्तन आलें असें आपण म्हणतों. त्या मुदतींत जेवढें रान भिजलें तेवढें भिजलें. उरलेलें पुढच्या आवर्तनांत. म्हणून शहाणा शेतकरी साऱ्या रानांत पाणी पसरून अर्धवट ओल करीत बसत नाहीं. तो एकेक सरी पुरती भिजवून पुढें सरकतो.

हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. मी मॅट्रिकपुरतें शिकलेला, निवृत्त शाळामास्तर. गांवांतील एक जुना ग्रंथसंग्रह संदुकींत पडून होता. तो वाचकांसाठीं खुला करावा असें आम्हां पांच जणांच्या मनांत आलें. सूची निर्दोष व्हावी या हट्टानें मीं चार महिने नमुने आंखण्यांत व वर्गवारी करण्यांत घालविले. त्या अवधींत परीक्षेला बसणारी एक मुलगी व्याकरणाचें एक जुनें पुस्तक मागावयास दोनदां आली. “सूचीचें काम चालूं आहे,” असें सांगून मीं तिला दोन्ही वेळां परत पाठविलें.

दिवाळींत पुण्याहून माझा पुतण्या आला. त्यानें माझ्या चोपड्या चाळल्या आणि एकच प्रश्न विचारला: “काका, पंधरा दिवसांनीं वाचकाच्या हातीं काय पडेल?” मजपाशीं उत्तर नव्हतें.

त्याच्या सांगण्यावरून आम्हीं पंधरवड्याचें पहिलें आवर्तन मांडलें. दीडशें बालपुस्तकें खुलीं करूं, असें मींच उत्साहानें जाहीर केलें. अखेरच्या दिवशीं साठांची नोंद झाली होती, चाळिसांना चिठ्ठ्या लागल्या होत्या, कांहींची शिवण व्हावयाची होती; आणि घरीं नेण्याजोगें एकही पुस्तक नव्हतें! मीं चार दिवस वाढवून मागितले. पुतण्यानें फोनवर नकार दिला. मुदत वाढली असती तर माझा अंदाज चुकला, ही गोष्ट झांकली गेली असती. अर्धवट झालेल्या शंभर कामांची बेरीज करून एकही पूर्ण काम होत नाहीं, हा हिशेब मला त्या दिवशीं कळला.

दुसऱ्या खेपेस ‘पूर्ण’ म्हणजे काय, तें आम्हीं आधीं कागदावर लिहिलें. पुस्तक झाडलेलें, शिवलेलें, नोंदलेलें, चिठ्ठी लावलेलें आणि फळीवर ठेवलेलें. पुस्तकें घेतलीं फक्त तीस. पंधराव्या दिवशीं तीसही फळीवर होतीं. मुलें आलीं, आणि लेखकाच्या नांवानें लावलेल्या त्या फळीपुढें गोंधळून उभीं राहिलीं. त्यांना प्राण्यांच्या गोष्टी हव्या होत्या, सहलींचीं वर्णनें हवीं होतीं. लेखकाच्या नांवाशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. चार महिन्यांची माझी वर्गवारी एका संध्याकाळीं निकालांत निघाली. ही चूक तीस पुस्तकांवर कळली, तीन हजारांवर नव्हे, हाच या पद्धतीचा लाभ.

परंतु खरा धडा रोजच्या पंधरा मिनिटांनीं दिला. मी खुर्चींत बसून वही उघडीत असें आणि एकेकाचें नांव घेऊन काम विचारीत असें. म्हणजे हजेरीच ती! प्रत्येक जण म्हणे, “चाललें आहे, गुरुजी.” आमच्यापैकीं एका वयस्क सहकाऱ्याला मोतीबिंदूमुळें बारीक अक्षर दिसत नव्हतें, त्याच्या नोंदी खोळंबल्या होत्या. माझ्यापुढें कमीपणा नको म्हणून तो गप्प राहिला. आवर्तनाच्या अखेरच्या विचारबैठकींत त्यानें तें सांगितलें, तेव्हां मला लाज वाटली. आयुष्यभर वर्गांत चूक कबूल करणाऱ्या मुलाला मी उभें करीत आलों होतों. तिसऱ्या आवर्तनांत खुर्ची काढून टाकली. सर्व जण उभे राहून एकमेकांशीं बोलूं लागले. त्याच्याकडे शिवणीचें काम दिलें, आणि तो तें आम्हां सर्वांहून सुबक करितो.

ही पद्धति सर्वत्र लागू पडते असें मात्र नव्हे. हळद पंधरा दिवसांत येत नाहीं, आणि पुलाची अर्धी कमान वापरून पाहतां येत नाहीं. जेथें काम तुकड्यांनीं पुरें होऊं शकतें आणि काय हवें हें आरंभीं पुरतें ठाऊक नसतें, तेथेंच तिचा उपयोग. शिवाय तिचा चाबूक करणारेही असतात. दर पंधरवड्याला माणसांकडून अधिकाधिक काम पिळून काढणें यालाच ते स्प्रिंट समजतात. तुमच्या घरांतील तरुण मनुष्य रात्रीं उशिरापर्यंत संगणकापुढें बसून “स्प्रिंट संपायची आहे” असें म्हणत असेल, तर एक गोष्ट जाणून असा. काम अधिक झालें, तर तें कमी करण्याविषयीं बोलण्याची सोय या पद्धतींतच आहे. मुदत अढळ असते, कामाचा आंकडा नव्हे. तें बोलण्याची त्याला भीति वाटत असेल, तर दोष आवर्तनाचा नाहीं, समोर मांडलेल्या खुर्चीचा आहे.

व्याकरणाचें तें पुस्तक चौथ्या आवर्तनांत फळीवर आलें. त्या मुलीची परीक्षा तेव्हां होऊन गेली होती. मी तें तिच्या घरीं स्वतः नेऊन दिलें.