रोजच्या कामात ख्रिस्ती भक्तिजीवन कसं जोपासावं?



आज समोर बसलेल्यांत ख्रिस्ती माणसं थोडी आणि इतर जास्त आहेत. हे आम्हाला बरंच वाटतं. भक्तीबद्दल फक्त आपल्याच लोकांत बोललं की माणूस सैल बोलतो, शब्द तपासून घेत नाही. वारकरी घरातला माणूस समोर असला की प्रत्येक शब्दाला अर्थ आहे ना, हे बघावं लागतं.

भाषणाआधी चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यातली एक बाजूला काढून ठेवली आहे. नाव लिहिलेलं नाही, आम्ही विचारणारही नाही. त्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हंगामात पहाटे कापूस वेचायला जावं लागतं, रविवारचाही खाडा परवडत नाही, घरी आलं की चूल, आणि रात्री प्रार्थनेला बसलं की डोळे मिटतात ते झोपेनेच. मग आमची भक्ती कमी समजायची का?

चिठ्ठी साधी आहे, पण प्रश्न जुना आणि अवघड आहे. भक्तीला रिकामा वेळ लागत असेल तर भक्ती ही सवड असलेल्यांची मिरास झाली. पेन्शनवाल्यांची, म्हणजे आमच्यासारख्यांची. आणि ज्याने मच्छीमारांना जाळ्यावरून उठवून सोबत घेतलं, जो स्वतः सुताराच्या घरात वाढला, त्याच्या नावाने चालणाऱ्या धर्मात असं होणं हा मोठाच विरोधाभास ठरेल.

युरोपात हा प्रश्न एका माणसाने फार नीट मांडला. फ्रान्सिस दि सेल्स, जिनिव्हाचा बिशप, जन्म 1567. त्याच्याकडे मार्गदर्शन मागणारी एक संसारी बाई होती. तिला लिहिलेल्या पत्रांतून आणि टिपणांतून त्याचं भक्तिजीवनाची ओळख करून देणारं पुस्तक तयार झालं, ते 1609 साली प्रसिद्ध झालं. त्याआधी या विषयावरची पुस्तकं बहुतेक मठातल्यांसाठी असत. याने सरळ सांगितलं की भक्तीचा आकार ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे, अंगातल्या बळाप्रमाणे आणि जबाबदारीप्रमाणे वेगळा असतो. बिशपाने संन्याशासारखं एकांतात राहायचं ठरवलं, किंवा कारागीर दिवसभर देवळात बसून राहिला, तर ती भक्ती नव्हे, ती गडबड आहे. ज्या भक्तीमुळे माणसाचं हातातलं योग्य काम बिघडतं, त्या भक्तीबद्दलच शंका घ्यावी, असा त्याचा रोख होता.

म्हणजे चिठ्ठीतल्या बाईंना अर्धं उत्तर मिळालं. चूल सोडून प्रार्थनेला बसा, असं कोणी सांगू नये. उरलेलं अर्धं उत्तर जास्त कठीण आहे. चुलीपाशी आहे म्हणून ती आपोआप भक्ती होते का? नाही होत. चूल पेटवताना मन शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्यांत असेल तर ते नुसतं स्वयंपाकाचं काम आहे. ‘काम हीच पूजा’ हे वाक्य आपण फार लवकर तोंडावर फेकतो. सावता महाराजांचं नाव घेतो आणि मोकळे होतो. सावता माळ्याला मळ्यात विठ्ठल दिसला तो त्याचं मन तिथे लागलेलं होतं म्हणून. नुसते कांदे लावून काही दिसत नाही.

पॅरिसमध्ये सतराव्या शतकात एक कार्मेलाइट बंधू होता, निकोला एर्मां. मठातलं त्याचं नाव ब्रदर लॉरेन्स. आधी सैनिक होता, लढाईत जखमी झाला, मग मठात शिरला. शिक्षण बेताचं, म्हणून त्याला स्वयंपाकघरात टाकलं. आणि गंमत बघा, त्याला स्वयंपाकाची मनापासून नावड होती. बरीच वर्षं त्याने तेच काम केलं, पुढे चपला दुरुस्त केल्या. 1691 मध्ये तो वारला. त्याच्या बोलण्याची टिपणं आणि पत्रं मागे राहिली, ती आजही वाचली जातात. त्याची साधना एवढीच: हातातलं काम देवाच्या समोर चाललंय, हे आठवायचं. विसरलं की कपाळाला हात न लावता पुन्हा आठवायचं. विसरण्याबद्दल स्वतःला झोडपत बसणं हा वेळेचा अपव्यय, असं त्याला वाटे.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर थोडा जागा होतो. ॲरिस्टॉटल म्हणेल, हा सवयीचा भाग आहे. पुन्हा पुन्हा केल्याने वृत्ती घडते. खरं आहे. पण ख्रिस्ती विचार तिथे थांबत नाही. तो म्हणतो, हे मुळात कृपेने घडतं. मग माणसाने काय करायचं? आपल्या वऱ्हाडात हे समजवायला ग्रंथ लागत नाही. पाऊस कोणी पाडत नाही. पण मृगाआधी वखरणी झालेली नसली तर पडलेला पाऊस त्या रानाच्या फारसा कामाचा नसतो. प्रार्थना, शास्त्रवाचन, दिवसातून दोनचारदा देवाचं स्मरण ही वखरणी आहे. वखर चालवला म्हणून पाऊस येत नाही, आणि पाऊस येणार म्हणून वखर खुंटीला टांगता येत नाही.

आता आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. घरातलं म्हणजे मराठीतलं. लक्ष्मीबाई टिळक.

रेव्हरंड नारायण वामन टिळक सगळ्यांना माहीत असतात. 1893 मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. पण रोजच्या जगण्यातल्या भक्तीचा धडा घ्यायचा तर आम्ही टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडे जाऊ. टिळक कवी, त्यांना उमाळा यायचा. बाईंना घर चालवायचं होतं.

नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण सोवळं सोडलं नाही. वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं त्यांना हे आठवेल. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी या दिवाळीत वाचावं, मोताळ्याच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या. त्यांच्या मनात जो पालट झाला तो कुठल्या मोठ्या सभेत झाला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळला, आणि माणसाने केला असं पटल्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं अन्नपाणी घ्यायचं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 साली, टिळकांनंतर पाच वर्षांनी झाला. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडायच्या आधी त्यांना पाण्याचा पेला ओलांडावा लागला. आमच्या मते त्या पेल्यातच त्यांच्या भक्तिजीवनाची सुरुवात आहे. धर्मशास्त्र नंतर आलं.

आणि पुढचा संसार कसा? टिळकांचा हात सढळ. आलेला पैसा कोणाला तरी देऊन टाकायचा, घरी न सांगता पाहुणे आणायचे, पोरकी मुलं आणायची. जेवणाची पानं वाढत जायची आणि डब्यात काय आहे हे फक्त बाईंना ठाऊक. नकूशी नावाची मुलगी त्या घरात वाढली. नकूशी म्हणजे नको असलेली. नावातच जगाने तिचं काय केलं ते कळतं. अशा मुलीला न्हाऊमाखू घालणं, तिच्या केसांतल्या गुंता काढणं, तिच्या खोड्या सोसणं, हे सगळं रोजचं. बाई चिडायच्याही. भांडायच्याही. पुस्तकात त्या स्वतःला कुठेही संत म्हणून उभ्या करत नाहीत, स्वतःलाच हसतात. आम्हाला हे हसणं फार मोलाचं वाटतं. स्वतःच्या भक्तीकडे फार गंभीरपणे बघायला लागलो की ती भक्ती राहत नाही, आरशात बघणं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढे कीर्तनं केली, आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलं.

पंडिता रमाबाईंचं थोडक्यातच सांगतो, कारण त्यांच्यावर वेगळं भाषण ठेवायचं आहे. केडगावच्या मुक्ति सदनात 1896-97 च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतातून आणलेल्या मुली होत्या. तिथे प्रार्थना होतीच, पण शिवण, विणकाम, शेती आणि छापखानाही होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. शास्त्र वाचणं आणि शास्त्राचे खिळे जुळवणं यांत वरचं-खालचं असं काही तिथे नव्हतं.

आपल्या जिल्ह्यालाही हा इतिहास परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम वऱ्हाडात सुरू झालं. अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा ही त्यांची ठाणी. छप्पनच्या दुष्काळाच्या काळात पोरकी झालेली मुलं त्यांनी सांभाळली. त्या मंडळ्यांत आज असलेली बहुतेक माणसं मजुरी करणारी, छोटी शेती करणारी, नाहीतर शिक्षक, नर्स अशी नोकरी करणारी आहेत. म्हणजे चिठ्ठीतला प्रश्न या भागातल्या मंडळीचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आम्ही तीनच गोष्टी सुचवतो, त्याही तोलून.

सकाळी उठल्यावर दिवस देवाच्या हाती द्यायला एक मिनिट पुरतं. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी फार वेळ लागत नाही. वेचणीला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ऑटोत, चालताना ती म्हणता येते. तोंडपाठ प्रार्थनेला काही लोक नावं ठेवतात, मनापासून येत नाही म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. थकलेल्या माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, तेव्हा पाठ असलेले शब्दच त्याला उचलून धरतात. गोव्यात संध्याकाळी घराघरात तेर्स होतो तो याच बळावर. फादर थॉमस स्टीफन्सने 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ छापून घेतलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, तेही याचसाठी. नव्या ख्रिस्ती माणसांना ऐकायला, म्हणायला त्यांच्या भाषेत काही हवं होतं. ओवी जिभेवर असली की जात्यावरही म्हणता येते. ‘उपासना संगीत’ मधली दोन गीतं पाठ असणं हे दहा पुस्तकं कपाटात असण्यापेक्षा उपयोगाचं.

संध्याकाळी, झोपण्याआधी दिवस मागे वळून बघायचा. ही रीत इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात घालून दिली. स्टीफन्स त्याच्याच जेज्युइट संघातला. आज काय मिळालं, त्याबद्दल उपकार माना. कोणाला दुखावलं ते आठवा, क्षमा मागा. उद्या काय सुधारायचं ते एकच ठरवा. झोप येत असेल तर येऊ द्या. देवासमोर झोप लागणं हा गुन्हा नाही. स्तोत्रकर्त्यालाही झोप ही देवाची देणगी वाटली होती.

आणि तिसरी गोष्ट, हिच्यावर आम्हाला जरा थांबायचं आहे. कारण हिच्यात कटू बोलावं लागेल.

चिठ्ठी मजूर बाईची होती. पण आपल्यात शेतमालकही आहेत, दुकानदारही आहेत, व्यापारीही आहेत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी काटा लागतो. त्या काट्यावर किलो-दोन किलो कमी दाखवणं, ओल आहे म्हणून जास्त कापणं, मजुरी ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून टोलवणं हे प्रकार कोणाला नवे नाहीत. याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल फार कडक लिहिलं आहे: ती मजुरीच ओरडते, आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. हे पत्र शहरातल्या विद्वानासाठी लिहिल्यासारखं वाटत नाही, आपल्या शिवारासाठी लिहिल्यासारखं वाटतं. ज्याने दुपारी काटा मारला त्याने संध्याकाळी कितीही सुरेल गीत म्हटलं तरी वरती आधी ऐकू जातो तो काट्याचाच आवाज. भक्तिजीवन म्हणजे काट्याला हात न लावणं, एवढं जरी एखाद्या घराने एका हंगामासाठी धरलं, तरी त्या घरातलं वातावरण बदलतं. तोटा होईल का? होईल. थोडा होईल. म्हणून तर ती भक्ती.

घरातही असाच एक काटा असतो. थकून आलेल्या बायकोने चूल पेटवायची आणि थकून आलेल्या नवऱ्याने खाटेवर पडून मोबाइल बघायचा, वर म्हणायचं की हिला प्रार्थनेची आवड नाही. त्या गृहस्थाने भाकरी थापायला घेतली, निदान पाणी भरलं, पोरांचा अभ्यास घेतला, तर बाईला दहा मिनिटं मिळतील. ती दहा मिनिटं हीच त्याची प्रार्थना. येशूने शिष्यांचे पाय धुतले ते जेवणाच्या वेळी, घरात, देवळात नव्हे.

कोरडेपणाबद्दल एक शब्द, कारण दुसऱ्या एका चिठ्ठीत तोही विषय आहे. कधी कधी महिनोन्महिने काहीच वाटत नाही. प्रार्थना भिंतीशी बोलल्यासारखी होते. हे अविश्वासाचं लक्षण नाही. मोठमोठ्या संतांना हे दिवस आले आहेत. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली तेव्हा जगाला कळलं की त्यांचा हा काळ किती लांबला होता. त्या काळातही त्यांचे हात थांबले नाहीत. भावना येते-जाते, तिच्यावर दिवस टांगू नये. मात्र दुःख, मृत्यू, कर्ज यांनी माणूस पार खचला असेल तर त्याला ‘अजून प्रार्थना करा’ म्हणून परत पाठवू नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरकडे न्या, सावकाराशी बोलायचं असेल तर सोबत जा. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या घरांत काय घडतं ते आम्ही वेगळं सांगायला नको.

चिठ्ठीतल्या बाईंना आता सरळच सांगतो. ताई, तुमची भक्ती कमी नाही. उद्या सरीत उभ्या राहिलात की बोंडं वेचताना प्रभूची प्रार्थना एकदा मनात म्हणा. शेजारच्या सरीतली म्हातारी मागे पडली असेल तर तिच्या ओट्यात मूठभर कापूस टाका. रात्री झोप आली तर झोपा. रविवारी जमलं तर मंडळीत या, नाही जमलं तर पाळकांना निरोप द्या, ते घरी येऊन प्रभुभोजन देतील. तसं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पुढच्या भाषणात रमाबाई आणि त्यांचं भाषांतर घेऊ. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल असं मराठी कसं शोधलं, हे बघायचं आहे. आता तुमचे प्रश्न. मागच्या बाजूला बसलेल्यांनी जरा मोठ्याने बोला, आमचा डावा कान अलीकडे रजेवर असतो.