गेमिंगसाठी रायझन ५ ५५०० की ५६००?

एएमडीचे हे दोन्ही प्रोसेसर एप्रिल २०२२मध्ये एकत्रच बाजारात आले. दोन्हींत झेन ३ रचनेचे ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट आणि एएम४ सॉकेट. कमाल वेगही जवळपास सारखाच: ४.२ आणि ४.४ गिगाहर्ट्झ. गेमिंगमधला खरा फरक दोन ठिकाणी आहे.

कॅश: ५५००ची एल३ कॅश १६ एमबी, ५६००ची ३२ एमबी. वारंवार लागणारा डेटा कॅशमध्ये मावला की रॅमकडे कमी वेळा जावे लागते आणि फ्रेम कमी अडखळतात.

पीसीआय एक्स्प्रेस: ५५०० तिसऱ्या पिढीवर थांबतो, ५६०० चौथी देतो. आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चारच लेनच्या कार्डाला तिसऱ्या पिढीचा थेट फटका बसतो. मात्र चौथ्या पिढीसाठी बी५५०सारखा मदरबोर्ड हवा. बी४५०वर हा फायदा मिळत नाही.

अंगभूत ग्राफिक्स दोन्हींत नाही. त्यामुळे वसईतल्या पाचूबंदरहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला संगणकाच्या खरेदीसाठी जाणाऱ्याने ग्राफिक्स कार्डाचे पैसे आधी बाजूला काढावेत. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ५५०० पुरतो. १४४ हर्ट्झचा असेल तर ५६००च घ्यावा.